एक्स्चेंजवरचे बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये न्यायचे आहेत. सोलापुरात घरी नोड टिकेल का?

अशोकचौक_सोलापूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दर महिन्याला थोडे थोडे घेतलेले बिटकॉइन एका भारतीय एक्स्चेंजवर पडून आहेत. जुलै 2024 मध्ये वझीरएक्सवरून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. ते पाहता चाव्या (बिटकॉइन खर्च करू देणारे गुप्त संकेत) आपल्याकडेच असाव्यात असं घरच्यांचं आणि माझंही मत आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

हार्डवेअर वॉलेटवर (चाव्या सांभाळणाऱ्या छोट्या डिव्हाइसवर) नेताना नेमका क्रम कसा ठेवायचा, आणि नुसतं हलवल्यावर कर किंवा टीडीएस लागतो का?

घरी स्वतःचा नोड (बिटकॉइनचे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक) चालवायचा आहे. जुना लॅपटॉप आहे: 8 जीबी रॅम, 500 जीबी एसएसडी. जागा म्हणजे कारखान्याच्या वरची पत्र्याची खोली. दुपारी लाईट जाते, एप्रिल-मे मधला उकाडा तुम्हाला माहीतच आहे.

तिसरं काकांच्या वतीने विचारतो. लूमच्या शेडमध्ये थ्री फेज आहेच, तर मायनिंगचं (नवे बिटकॉइन मिळवण्यासाठी गणितं करणारं) एक मशीन बसवावं असं त्यांचं म्हणणं आहे.

चावी_आपली

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो, कारण पैसे जातात ते इथेच.

डिव्हाइस कंपनीच्या साइटवरून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. डब्यात आधीच वॉलेटचे शब्द (ज्यांवरून चाव्या पुन्हा तयार होतात) छापलेला कागद निघाला तर ते डिव्हाइस वापरूच नका. शब्द डिव्हाइसनेच, तुमच्यासमोर, त्याच्या पडद्यावर तयार करायचे असतात. ते 12 किंवा 24 असतात आणि 2048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. कागदावर पेन्सिलीने, क्रमांक घालून लिहा. फोटो काढू नका: फोनमधला फोटो बहुधा आपोआप क्लाउडवर चढतो आणि मग त्या चाव्या तुमच्या एकट्याच्या राहत नाहीत.

आता बहुतेक जण गाळतात ती पायरी. एकही सॅट (बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) पाठवण्याआधी स्पॅरोसारख्या वॉलेट ॲपमध्ये पहिला पत्ता आणि मास्टर फिंगरप्रिंट (वॉलेटची ओळखखूण, आठ अक्षर-आकडे) लिहून घ्या. मग डिव्हाइस पूर्ण रीसेट करा आणि कागदावरचे शब्द पुन्हा भरा. तोच फिंगरप्रिंट आणि तोच पत्ता आला, तरच तुमचा कागद बरोबर आहे. याला एक रुपयाही शुल्क पडत नाही. एखादा शब्द चुकीचा लिहिलेला असेल तर तो इथे सापडतो, पाच वर्षांनी नाही.

पंचविसाव्या शब्दाचा, म्हणजे पासफ्रेजचा मोह सुरुवातीला टाळा. पासफ्रेज चुकली तर डिव्हाइस 'चूक आहे' असं सांगत नाही, दुसरंच रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. घरच्यांना पुढे कधी उघडायची वेळ आली तर त्यांना वाटेल पैसे गेले.

काढताना एक्स्चेंजवर नेटवर्क 'बिटकॉइन'च निवडा. बीईपी20 वगैरे पर्याय स्वस्त दिसतात, पण त्यातून येतं ते दुसऱ्या साखळीवरचं टोकन. तुमचा पत्ता बीसी1क्यू ने सुरू होणारा हवा. बीसी1पी चे पत्ते काही एक्स्चेंज अजून घेत नाहीत. क्लिपबोर्डवरचा पत्ता बदलणारे व्हायरस असतात, म्हणून पेस्ट केल्यावर पत्ता डिव्हाइसच्या पडद्याशी अक्षर-अक्षर जुळवा. पहिली-शेवटची चार अक्षरं पाहून सोडू नका. काही ॲपवर काढण्याची सोयच नसते किंवा वेगळी परवानगी मागावी लागते, तेव्हा आधी तेही पाहून घ्या.

दर महिन्याला काढू नका. एक्स्चेंज बहुधा दर व्यवहाराला ठरलेलं शुल्क घेतं, रक्कम कितीही असो. शिवाय प्रत्येक वेळी वॉलेटमध्ये एक वेगळा तुकडा तयार होतो. पुढे खर्च करताना असा प्रत्येक तुकडा व्यवहारात सुमारे 68 व्हीबाइट (व्यवहाराच्या आकाराचं एकक, शुल्क त्यावरच ठरतं) वाढवतो. शुल्काचा दर एका व्हीबाइटला 50 सॅट असेल तर एका तुकड्यामागे 3,400 सॅट. एप्रिल 2024 च्या हाल्व्हिंगच्या (मायनिंगचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी दर शेकड्यांत गेला होता, तसल्या दिवशी लहान तुकडे हलवणंच परवडत नाही. साठू द्या, दोन-चार महिन्यांनी एकदम काढा.

हिशेब_वही

कराचं बोलतो. स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणं ही विक्री नाही, त्यामुळे त्यावर कर नाही आणि टीडीएसही नाही. विकलं की 2022 पासूनचा नियम लागू: नफ्यावर 30 टक्के, त्यावर 4 टक्के सेस, म्हणजे 31.2 टक्के (सरचार्ज लागत नसेल तर). 60,000 ला घेतलेले 1,00,000 ला विकले तर नफा 40,000 आणि कर 12,480. एक्स्चेंजने विक्रीच्या रकमेवर 1 टक्का, म्हणजे 1,000 आधीच कापलेले असतात. ते 26एएस मध्ये (कापलेल्या कराच्या सरकारी विवरणात) दिसतात आणि वजा होतात. खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा होत नाही. दुसऱ्या कॉइनमध्ये झालेला तोटाही या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही.

रिटर्नमध्ये शेड्यूल व्हीडीए (क्रिप्टोचा तक्ता) भरताना घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख, खरेदी आणि विक्रीची रक्कम लागते. म्हणून खाते चालू आहे तोवर एक्स्चेंजवरून सगळ्या व्यवहारांची सीएसव्ही फाइल उतरवून ठेवा, दर 31 मार्चनंतर नव्याने. एक्स्चेंज बंद पडलं तर खरेदीची किंमत सिद्ध करायला हातात काही उरत नाही. वॉलेटमध्ये नेलेल्या प्रत्येक व्यवहाराचा आयडी त्याच वहीत लिहा.

टर्मिनल_जुळेसोलापूर

नोडसाठी तुमचा लॅपटॉप उत्तम आहे. रास्पबेरी पायपेक्षा (तळहाताएवढ्या संगणकापेक्षा) आपल्याकडे तोच बरा, कारण त्याची बॅटरी हाच यूपीएस. फक्त ती चार्ज धरते का ते आधी बघा.

पूर्ण साखळी (बिटकॉइनच्या आजवरच्या सगळ्या व्यवहारांची नोंद) आता 700 जीबीच्या आसपास आहे, 500 मध्ये मावणार नाही. बिटकॉइन कोरमध्ये (नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रून (जुने ब्लॉक पुसायची सेटिंग) 50000 ठेवा. तो सगळे ब्लॉक उतरवून तपासतो आणि शेवटचे 50 जीबी ठेवतो. तपासणीत काही कमी होत नाही. वॉलेट नवं असेल तर स्पॅरो थेट याला जोडता येतं. जुनं वॉलेट मागच्या तारखेपासून स्कॅन करायचं असेल किंवा इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेटला पत्त्यांचा इतिहास पुरवणारा) लावायचा असेल, तर मात्र प्रून चालत नाही, 2 टीबीची एसएसडी घ्या. फिरत्या हार्डडिस्कवर हे करू नका, चेनस्टेटच्या (न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीच्या) बारीक वाचना-लिहिण्यात ती अडकून बसते.

पहिल्या सिंकला (सगळे ब्लॉक उतरवताना) डीबीकॅश (रॅममधली तात्पुरती जागा, एमबीत) 4000, झाल्यावर मूळच्या आकड्यावर आणा. मोठ्या कॅशमध्ये असलेलं काम अचानक वीज गेली की वाया जातं. आणि चेनस्टेट बिघडली तर प्रून नोडला नुसती चेनस्टेट नव्याने बांधता येत नाही, सगळे ब्लॉक पुन्हा उतरवावे लागतात. म्हणून बॅटरी 30 टक्क्यांवर आली की लॅपटॉप आपोआप नीट बंद होईल अशी सेटिंग करा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण इको वरून यूपीएस वर ठेवा. इको मध्ये पालट हळू होतो आणि राऊटर रीस्टार्ट होतो. गल्लीतल्या फायबरच्या डब्याची वीज गेली तर नेट जाईल, पण त्याने नोडला काही होत नाही. नेट आलं की तो राहिलेले ब्लॉक घेतो.

पत्र्याखाली ठेवू नका. पहिल्या सिंकमध्ये प्रोसेसर दिवसेंदिवस पूर्ण ताणात असतो. बाहेर 42-43 आणि पत्र्याखाली त्याहून जास्त, मग मशीन स्वतःच वेग कमी करतं आणि बॅटरी फुगते. खालच्या मजल्यावर, झाकण उघडं, मागे हवा खेळेल असं ठेवा. सिंक थंडीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास उरकली तर सर्वांत बरं. ब्रॉडबँडची एफयूपी (महिन्याची डेटा मर्यादा) तपासा, महिन्याच्या सुरुवातीला सिंक लावा.

आपल्याकडचे बरेच फायबरवाले सामायिक आयपी देतात, त्यामुळे बाहेरून 8333 पोर्टवर कोणी जोडलं जाणार नाही. काळजी नको. नोड स्वतःहून 10 जोडण्या करतो, आपल्या तपासणीला त्या पुरतात. इतरांना सेवा द्यायची असेल तर टॉर (ओळख लपवणारं नेटवर्क) लावा.

एक मात्र नक्की: आधी चावीआपलींनी सांगितलेली रीसेटची पायरी, मग नोड. नोडमुळे तुमचे पत्ते परक्या सर्व्हरला कळत नाहीत आणि नियम तुम्ही स्वतः तपासता. पण चुकीचा लिहिलेला शब्द तो दुरुस्त करू शकत नाही.

लूम_आणि_लाईट

काकांना नको म्हणा. अँटमायनर एस21 हे मायनिंग मशीन घेतलं तर ते 3,500 वॅट खातं: दिवसाला 84 युनिट, महिन्याला 2,520. लूमच्या कनेक्शनला सवलतीचा दर मिळतो तो कापडासाठी. त्यावर मायनिंग केलं तर ते मंजूर कारणाव्यतिरिक्त वापरणं ठरतं आणि विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. वेगळं कनेक्शन घेतलं तरी विजेचं बिल नफ्यातून वजा होत नाही. त्यात शेडमधला कापसाचा तंतू पंख्यात आणि हीटसिंकमध्ये जाऊन बसतो.

अशोकचौक_सोलापूर

काकांना वाचून दाखवलं, पटलं. एकच राहिलं. शब्द स्टीलवर हवेत. नव्या पेठेत भांड्यांवर नावं घालून देतात, तिथून करून घेतलं तर?

चावी_आपली

नको, शब्द दुसऱ्या कोणी वाचले की संपलं. हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा 4 मिमीचा पंच सेट मिळतो, कडक पोलादाचा मागा. 304 ग्रेडची 2 मिमी जाडीची स्टील पट्टी कापून घ्या. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, कारण त्या यादीत चार अक्षरांवरून शब्द एकमेव ठरतो. क्रमांकासकट दोन उभ्या रांगांत ठोका. आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करा: पंच तिरका धरला की ई आणि एफ मधला फरक पुसट होतो. कारखान्यात ऐरण असेलच, तिच्यावर ठेवून एकाच जोरदार घावात अक्षर उठवा. दोनदा मारलं की दुहेरी उमटतं. पट्टी झाली की तिच्यावरून वाचून पुन्हा एकदा रीसेट करून बघा, कागदावरून नाही. दुसरी पट्टी वेगळ्या घरात ठेवा.