मदत हवी आहे: लाकडी पेटीचं झाकण बसत नाही (अर्जंट)

वावरवाला_आजोबा
नमस्कार मंडळी. नातीसाठी वाकळा ठेवायची पेटी केली. आम्ही चार दोस्त मिळून, घरीच अंगणात, हातानं. आता झाकण बसत नाही. आधी बरोबर बसत होतं. समोरून फट राहते. लेक शनिवारी बाळाला घेऊन सासरी चालली, पेटी तिच्यासोबत गाडीत पाठवायची आहे. रंदा मारू का? लवकर सांगा. वाढई बोलवा म्हणू नका, तो लग्नसराईत गुंतला आहे.

रंदा_आणि_मी
काका, लाकूड कोणतं? झाकण एकाच फळीचं की जोडाचं? मापं काय? पॉलिश कसलं? फट दोन सूत (पाव इंच) की अर्धा इंच? तोवर रंद्याला हात लावू नका.

वावरवाला_आजोबा
सागच, दुसरं काय असणार! वर्धा जिल्ह्यातले, आर्वीकडचे आहोत आम्ही.

फ्लॅटवाला_पुणे
साग विसरा. १८ मिमीचा चांगला प्लाय आणा, वरून सनमायका लावा. माझ्या बेडच्या बॉक्सला इतकी वर्षं झाली, तसूभर हललं नाही. हौस म्हणून ठीक आहे, पण लाकडाच्या भानगडीत आजकाल कोण पडतं?

वावरवाला_आजोबा
प्लायची पेटी नातीच्या लग्नापर्यंत टिकन का? ज्या दोस्ताच्या वावरातला साग आहे त्यानं झाड पाडून फळ्या केल्या तेव्हा लेकीचं लग्नही ठरलं नव्हतं. म्हणजे लाकूड ओलं होतं असं कोणी म्हणू नका.

धुऱ्यावरचा
वावरातला साग तोडला? परवानगी घेतली होती का? १९६४ च्या झाडतोड कायद्यात साग, मोह, चिंच, आंबा, बिजा, हळदू सगळे येतात. झाड स्वतःच्या धुऱ्यावर असलं तरी परवानगी लागते. अन् माल नेताना वाहतूक पास.

वावरवाला_आजोबा
भाऊ, सगळे कागद आहेत. मी झाकणाचं विचारलं.

झाडीपट्टीवाला
साग म्हणजे आमचा! २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या डेपोतून लाकूड गेलं, शोभायात्रा काढून. आर्वीकडचा सागही चांगला, नाही म्हणत नाही. पण गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागाची सर त्याला यायची नाही.

आयटीआयवाला
झालं सुरू. काका, यांच्याकडे लक्ष देऊ नका, एक काम करा. झाकण बंद करा अन् समोरचा एक कोपरा दाबा. तो बसला आणि दुसरा वर आला तर झाकणाला पीळ आहे, नाहीतर पेटीच गुण्यात (काटकोनात) नाही. पण झाकण मधात बाजूच्या फळ्यांवर टेकत असेल आणि समोरची पूर्ण कड सारखी वर राहत असेल, तर तो बांक. दोन्हीचे इलाज वेगळे.

वावरवाला_आजोबा
दुसरं. मधात टेकते, समोरची कड सारखी वर. फट तीन सूत. झाकण चार फळ्या जोडून, फेविकॉलनं. पेटी तीन फूट लांब, वीस इंच रुंद. आता सांगा.

रंदा_आणि_मी
हे पहिल्याच वेळी लिहिलं असतं तर आतापर्यंत झाकण बसलं असतं. पॉलिश आतून-बाहेरून सारखं मारलं का? आणि पेटी ठेवली कुठे?

वावरवाला_आजोबा
बाहेरून चपडा (लाखेचं) पॉलिश, चांगले चार हात मारले. आतून कायले मारायचं? आत कोण पाहते? पॉलिशचा वास जावा म्हणून पेटी माजघरात झाकण उघडून ठेवली आहे. कूलरसमोर. तिथंच वारा लागते.

रंदा_आणि_मी
मग लाकडाला दोष देऊ नका. अंगणात, मे महिन्याच्या उन्हात तुम्ही पेटी बनवली तेव्हा लाकूड खडखडीत कोरडं होतं. ती आणून ठेवली कूलरच्या ओल्या वाऱ्यात. वरची बाजू पॉलिशनं बंद, आतली उघडी, आणि झाकण उघडं म्हणजे तीच बाजू कूलरकडे. आतल्या बाजूनं ओल पिऊन लाकूड फुगलं, वरची तशीच राहिली. त्यामुळे कडा वर गेल्या. रंदा मारून आज सरळ कराल, लाकूड वाळलं की उलटा बांक येईल.

गोणपाट_इंजिनिअर
इतकं पुराण कशाला? झाकणावर ओलं गोणपाट टाका, वर युरियाच्या दोन गोण्या ठेवा. सकाळी झाकण सरळ. आमच्या बैलबंडीच्या फळ्या अशाच सरळ करायचो.

रंदा_आणि_मी
बैलबंडीच्या फळीला चपडा मारलेला नसतो. पॉलिशवर ओलं गोणपाट ठेवलं तर वर पांढरे डाग पडतील आणि पाणी लाकडात शिरणारच नाही. उगाच भलतं सांगू नका.

गोणपाट_इंजिनिअर
तुमचे रंदे यूट्यूबवर चालतात वाटते. मी तीस वर्षं शेती केली आहे.

आयटीआयवाला
शेती केली, मान्य. पण रंदा म्हणतो तेच बरोबर. झाकण बिजागरीतून काढा. पॉलिशची बाजू खाली, कोरी बाजू वर, दोन सरळ लाकडांवर ठेवून उन्हात टाका. पॉलिश उन्हानं चिकट होते, म्हणून लाकडांवर सुती कापड घाला. तासातासाला पट्टी लावून पाहा. आपल्या उन्हात जास्त वेळ राहिलं तर दुसरीकडे बांकन. सरळ झालं की लगेच आत आणा आणि कोऱ्या बाजूला वरच्याइतकेच हात मारा.

माहेरवाशीण
आतून जवसाचं तेल मारा ना. आपल्याकडचंच आहे अन् लाकडाला चमक येते.

रंदा_आणि_मी
बाहेरून ठीक. बंद पेटीत मात्र जवसाचा वास महिनोन्महिने राहतो आणि वाकळीवर पिवळट डाग उतरतो. आतून चपडाच बरा, स्पिरिट उडून गेलं की वास जातो. आणि कोणी जवसाचं तेल वापरलंच तर ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. तेल वाळताना गरम होतं, आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

दवाखान्यातली_ताई
मी वेगळंच सांगते. वाकळांमध्ये डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्यात नॅफ्थलीन असतं. त्यात ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला घातले तर काही बाळांच्या लाल रक्तपेशी फुटतात अन् कावीळ होते. जी६पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना जास्तच धोका. कडुनिंबाचा सुकलेला पाला कापडात बांधून ठेवा. दुसरं, पोरगी रांगायला लागली की पेटीत शिरणारच. आपोआप लागणारी कडी लावू नका. अमेरिकेत अशा कुलपाच्या पेट्यांत अडकून मुलं गुदमरली, १९९६ साली कंपनीला कुलपं बदलून द्यावी लागली. झाकण कुठंही थांबेल असा आधार लावा आणि मागच्या फळीला हवेसाठी दोन-चार भोकं पाडा.

वावरवाला_आजोबा
ताई, कडीचं बरं सांगितलं. गोळ्यांचा विषय आजीच्या कानावर घालतो, डबा आणून ठेवला आहे तिनं. भोकांना दोस्त तयार होत नाही. झुरळं जातील म्हणते.

दवाखान्यातली_ताई
आतून बारीक जाळी ठोका. भोकं पाहिजेतच.

आयटीआयवाला
काका, लेकीचं सासर कुठं?

वावरवाला_आजोबा
चिपळूण. जावई तिथं बँकेत आहे. त्याचा पेटीशी काय संबंध?

आयटीआयवाला
अरे बाप्पा! सगळा संबंध त्याच्याशीच आहे. हे सर्वात आधी सांगायचं होतं.

रंदा_आणि_मी
चिपळूण! विदर्भातला मे आणि कोकणातला जुलै यात वीस इंची झाकण रुंदीला पाव इंच सहज फुगतं. आता लक्ष देऊन वाचा. झाकणाच्या खालून दोन आडव्या पट्ट्या लावा, सागाच्याच, समोरून-मागं जाणाऱ्या. फेविकॉल अजिबात नको, फक्त स्क्रू. मधला स्क्रू नेहमीसारखा, कडेच्या स्क्रूंची पट्टीतली भोकं लांबट करा, म्हणजे फळ्या फुगल्या-आकसल्या तरी स्क्रू सरकेल. पक्कं केलंत तर झाकण मधून चिरेल. पट्ट्या पेटीच्या तोंडापेक्षा आखूड ठेवा, तिथंही जागा लागेल. तळाची फळी कशी बसवली आहे?

वावरवाला_आजोबा
खाच मारून सरकवली. डिंक नाही, खिळा नाही. हे आमच्या दोस्ताचं डोकं, पहिल्या दिवसापासून तो हेच म्हणत होता. बाकीच्यांनी ऐकलं म्हणून.

रंदा_आणि_मी
त्या दोस्ताला नमस्कार सांगा. झाकणही त्यालाच करू द्या.

कोकणी_बाणा
चिपळूणला नेताय ना, मग पेटीला पाय लावा. २०२१ च्या जुलैतला पूर विसरलात? बाजारपेठेत माणसाच्या डोक्यावरून पाणी होतं. पहिल्या मजल्याखाली काही ठेवायचंच नाही.

फ्लॅटवाला_पुणे
म्हणूनच म्हणतो, प्लास्टिकची ट्रंक घ्या.

वावरवाला_आजोबा
झाकण उन्हात टाकलं होतं, दुपारी आणलं आत. आता एक सुताची फट आहे, तीही एकाच बाजूला. दोस्त म्हणते पट्टी कसली की तेवढं ओढून घेईल. लेकीनं पाहिलं, म्हणते बाबा कूलर बंद करू नका, पेटी हलवा. हलवली. आता बिजागरी लोखंडी ठेवू की पितळी? लोखंडी घरात पडून आहेत.

कोकणी_बाणा
पितळी. लोखंडी लावाल तर पहिल्या पावसातच गंजतील. स्क्रूही पितळीच घ्या.

आयटीआयवाला
अन् पितळी स्क्रू सागात सरळ पिळू नका, डोकं तुटते. आधी भोक पाडा, त्यात लोखंडी स्क्रू पिळून काढा, मग त्याच भोकात पितळी. स्क्रूला थोडं मेण लावा.

गोणपाट_इंजिनिअर
युरियाच्या गोण्या ठेवल्या असत्या तर ती एक सुताची फटही राहिली नसती.