समान दुवे: उधळपट्टी की आधार?
तुम्ही वर म्हटलंय की त्याच ठिकाणांना जोडणारे दोन थर (उदा. रेल्वे आणि रस्ता) असतील, तर दोन्ही थरांत तेच दुवे, म्हणजे त्याच जोडण्या, ठेवणं ही उधळपट्टी, त्याने जाळं कमकुवत होतं. मला अर्धंच पटलं. नवी मुंबईतलं ऐरोली-रबाळे घ्या: ट्रान्स-हार्बर रेल्वेनेही जोडलेले, ठाणे-बेलापूर रस्त्यानेही. परस्परावलंबी जाळ्यात (जिथे एक थर दुसऱ्यावर विसंबून असतो) ठिकाणाला तग धरायला दोन्ही थरांत जोडलेलं राहावं लागतं, आणि अशी जोडी इतरत्र दुवे तुटले तरी एकमेकांना धरून राहते. म्हणून नोड (जाळ्यातली ठिकाणं) यादृच्छिकपणे, कुठलेही गळाले तर समान दुवे फायद्याचेच. एका थरातली गळती दुसऱ्यात पसरत जाऊन अख्खं जाळं एकदम कोसळतं, हे बुल्दिरेव वगैरे संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं; ती अचानक पडझड समान दुव्यांमुळे सौम्य होते. सगळेच दुवे समान असतील तर उरतं साधं एकथरी जाळं, हळूहळू विरणारं.

पण पावसाळ्यात रूळ आणि रस्ता एकाच वेळी पाण्याखाली गेले तर? (आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही!) तिथे तुमचं म्हणणं बरोबर.