परदेशातली चिनी चर्चं : तुम्ही काय पाहिलंत?

प्रॉटेस्टंट मिशनरी रॉबर्ट मॉरिसन १८०७ मध्ये कँटनला (आजचं ग्वांगझू) पोचला, पण चीनमध्ये धर्मप्रचाराला बंदी होती. म्हणून प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मलाक्का, पेनांग (दोन्ही आजच्या मलेशियात), बटाविया (आजचं जकार्ता) इथल्या चिनी वस्त्या गाठल्या. गेल्या महिन्यात मलाक्क्याला गेले, तेव्हा हे सगळं मनात होतं. मॉरिसनचा सहकारी विल्यम मिल्ननं १८१५ मध्ये तिथून चिनी मासिक काढलं. त्याच्याबरोबर ठसे कोरायला आलेला लिआंग फा १८१६ मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढे स्वतःच प्रचारक. लाकडावर उलटी अक्षरं कोरणारा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही राहता तिथे अशी एखादी जागा असेल, माणसं असतील, तर जरूर लिहा.

सिंगापूरहून
तेलोक आयरचं चिनी मेथडिस्ट चर्च माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे. बेंजामिन वेस्ट नावाच्या डॉक्टरनं १८८९ मध्ये आपल्या दवाखान्यातच प्रार्थना सुरू केली, त्यातून ते उभं राहिलं. छप्पर चिनी वळणाचं. माझ्या शेजारच्या आमा, म्हणजे आजी, तिथे होक्कियन या चिनी बोलीतल्या प्रार्थनेला जायच्या. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी पूर्वजांपुढे उदबत्ती लावणं सोडलं, तर सख्खा भाऊ कितीतरी वर्षं बोलला नाही. हे सांगताना ऐंशीच्या घरातल्या आमांचा आवाज कापायचा. आपल्याकडे धर्मांतरित घरांत श्राद्धापक्षावरून असंच घडलेलं मी ऐकलंय, त्यामुळे मला ते परकं वाटलंच नाही.

सॅन फ्रान्सिस्कोहून
चायनाटाऊनमधल्या सॅक्रामेंटो स्ट्रीटवर प्रेस्बिटेरियन मिशनचं घर आहे, १९०६ च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेलं. डोनाल्डिना कॅमेरॉन १८९५ मध्ये इथे आली. विकल्या गेलेल्या चिनी मुलींना ती सोडवून आणायची. अशीच लहानपणी विकली गेलेली तिएन फू वू या घरात वाढली आणि पुढे दुभाषी होऊन तिच्यासोबत काम करू लागली. मुलींची सुटका झाली हे मोठंच काम. पण शिस्त कडक होती आणि मुलींनी ख्रिस्ती व्हावं ही अपेक्षाही होती. त्या दारासमोर उभी राहिले की मला दोन्ही गोष्टी एकदमच आठवतात.

श्रीरामपूरहून (बंगालमधलं, नगरचं नव्हे)
चिनी वस्तीचा अनुभव नाही, तरी लिहितो. मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये इथेच छापलं गेलं. त्याच मिशनमध्ये जोशुआ मार्शमन मकावच्या आर्मेनियन योहानेस लासरकडून चिनी शिकला, आणि त्यांचं चिनी बायबल १८२२ मध्ये पुरं झालं. आपली भाषा आणि त्यांची, दोन्ही एकाच अंगणात छापल्या गेल्या, हे कळल्यावर मी तिथे बराच वेळ बसून होतो.