घरच्यांच्या जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स? माझं मत: डेबियनच

कृष्णाकाठ (धागालेखक)

विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि आमच्या घरातले जुने लॅपटॉप एकेक करत माझ्या टेबलावर येऊन बसले. आत्याचा, धाकट्या काकांचा, मेहुण्याचा. तिन्ही यंत्रं सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेल आय-थ्री प्रोसेसरची, त्यामुळे विंडोज ११च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. यंत्रं मात्र ठणठणीत आहेत. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम चारची आठ जीबी केली, की आणखी चार-पाच वर्षं आरामात निघतील. फेकायला जीव होत नाही.

मी तिन्हींवर विंडोजऐवजी डेबियन १३ टाकायचं ठरवलंय. लिनक्स ही विंडोजसारखीच, पण खुली प्रणाली; डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा, आर्च ही तिची वेगवेगळी वितरणं, म्हणजे डिस्ट्रो. मी स्वतः २००८ साली उबुंटूची टपालाने फुकट आलेली सीडी घालून लिनक्स शिकलो, त्या सीडीचं ऋण आजही मानतो. पण माझ्या स्वतःच्या यंत्रावर गेली बरीच वर्षं डेबियनच आहे. कारण साधं आहे. साधारण दोन वर्षांनी एक आवृत्ती येते, आणि मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडल्या तर काहीही हलत नाही. आत्या निवृत्त शिक्षिका आहे. तिला मेन्यू काल जिथे होता तिथेच आज सापडला पाहिजे. सुरक्षेचे अपडेट आपोआप बसतील अशी सोय एकदा करून दिली, की मला दर महिन्याला कराडला जायला नको.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेबियन कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही. १९९३पासून स्वयंसेवक ते चालवतात, प्रकल्पप्रमुख मतदानाने निवडतात. रेड हॅट कंपनीच्या छत्राखालच्या सेंटओएस ८ या सर्व्हरच्या डिस्ट्रोचं काय झालं ते आठवा. २०२९पर्यंत चालेल म्हणून लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की २०२१च्या अखेरीस ते बंद. एका बैठकीत निर्णय फिरतो अशा ठिकाणी मी घरच्यांना बसवणार नाही.

पटत नसेल तर जरूर सांगा, पण कारणासकट.

तिसरा मजला

अजिबात पटत नाही. तुम्ही तुमच्या सोयीला आत्यांची सोय म्हणताय.

आत्यांचा विचार करायचा तर लिनक्स मिंट. त्याचा सिनॅमन डेस्कटॉप उघडला की खाली पट्टी, डावीकडे मेन्यू, उजवीकडे घड्याळ. विंडोज वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही. माझ्या वडिलांना मी फक्त दोन गोष्टी दाखवल्या: अपडेटची ढाल कुठे दिसते आणि टाइमशिफ्ट काय करतं. आधीच्या दिवसाची प्रत घेतलेली असते, काही बिघडलं तर मागे जाता येतं. ते आता मला फोन करत नाहीत.

आणि डेबियनचं इन्स्टॉलेशन नवख्याला अजूनही ठेच लावतं. रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड विचारतात म्हणून माणूस प्रामाणिकपणे देतो, आणि मग त्याचं स्वतःचं खातं सुडो गटात (व्यवस्थापकाचे अधिकार असलेल्यांच्या) जातच नाही. पहिली आज्ञा देताच नकार. कुणाला दोष द्यायचा? मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट आहेत. आत्यांना त्याहून जास्त काय हवं?

कृष्णाकाठ

रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की खातं आपोआप सुडोत जातं. पण हे आधी माहीत असावं लागतं, तेवढा मुद्दा तुमचा खरा. टाइमशिफ्ट डेबियनमध्येही मिळतं, सिनॅमनही.

माझा आक्षेप वेगळा आहे. मिंट उबुंटूवर उभं, उबुंटू डेबियनवर. मधल्या मजल्यावर जे ठरतं त्याच्याशी मिंटला झगडत बसावं लागतं. उबुंटूने क्रोमियम ब्राउझर स्नॅप या स्वतःच्या पॅकेज-पद्धतीतून द्यायला सुरुवात केली, तेव्हा मिंटने २०२०मध्ये स्नॅप अडवलं आणि क्रोमियम स्वतः बांधून द्यायला लागले. त्यांचं कौतुकच आहे. पण थेट डेबियनवरची वेगळी आवृत्ती ते स्वतः सांभाळतात, ती का? उद्या उबुंटू नसेल तर काय, हा विचार त्यांनीही केलाच आहे.

रात्रपाळी

जुन्या यंत्रांपुरतं ठीक. पण वाचणाऱ्याला वाटेल डेबियन सगळीकडे चालतं, म्हणून लिहितोय.

नवा लॅपटॉप घेतलात तर डेबियन १३चं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ६.१२ आहे, आणि ते त्या आवृत्तीभर तिथेच राहणार. वायफायची चिप त्यानंतरची निघाली की बॅकपोर्ट्स, म्हणजे जुन्या आवृत्तीसाठी बांधलेली नवी पॅकेजं, शोधत बसा. मी फेडोरा वापरतो. लॅपटॉपचा पडदा बारीक, बाहेरचा मॉनिटर मोठा, दोन्हींवर अक्षरांचं माप वेगवेगळं हवं. वेलँड या पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या नव्या व्यवस्थेत ते नीट होतं, आणि फेडोरा वर्कस्टेशनने २०१६मध्येच वेलँड मुख्य केलं. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. हो, एकेका आवृत्तीला साधारण तेराच महिने मिळतात आणि व्हिडिओचे काही कोडेक बाहेरून घ्यावे लागतात. त्याच्या बदल्यात आज बाजारात आलेलं यंत्र आज चालतं.

कंपनी मागे असणं म्हणजे वाईटच, हेही एकांगी आहे. आपण सगळे जे लोहित देवनागरी फॉन्ट वर्षानुवर्षं वापरत आलो, ते रेड हॅटने खुले केले. मराठी अक्षर पडद्यावर सरळ दिसावं यासाठी पगार देऊन माणसं बसवली, हे विसरू नका.

वाचनमात्र

इतके दिवस नुसती वाचत होते, पण मराठीचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी अनुवाद करते, दिवसाचे सात-आठ तास मराठी टंकते. माझ्यासाठी डिस्ट्रो कोणतं हा प्रश्न खूप नंतरचा. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे उमटतात का, हा पहिला. समुद्र आणि खोल दरी यांत फरक राहिला नाही तर मी काम कसं करू?

कळफलकाच्या यादीत मराठीचा वाढीव इनस्क्रिप्ट आहे. 'दऱ्या'साठी ओ, मग शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. शिफ्ट-जेवर नुक्त्याचा ऱ आहे, त्याला हलन्त लावला की रफार वर न जाता डोळ्याच्या पापणीसारखा य-ला चिकटतो. हे मी डेबियन, मिंट आणि फेडोरा तिन्हींवर करून पाहिलंय, तिन्हींवर तेच. ज्यांना इनस्क्रिप्ट येत नाही त्यांच्यासाठी आयबस या टंकनाच्या साधनात फोनेटिक आणि आयट्रान्स आहेत.

अजून एक. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. ज्या फॉन्टांत आपली ल आणि श ही रूपं आहेत, तिथे ती तेव्हाच उमटतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. आत्या शिक्षिका होत्या ना? त्यांच्या नजरेला हे पहिल्या ओळीत खटकेल. हे करून द्या, मग खाली काय आहे याने त्यांना फरक पडणार नाही.

लोकल ७:४२

सगळे घरच्यांचंच बोलताय. ज्याला शिकायचंय त्याचं काय? मी आर्चवर आहे. डिस्कचे भाग स्वतः पाडले, बूटलोडर (यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) स्वतः बसवला, तेव्हा कुठे कळलं की बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत काय काय घडतं. तुम्ही डेबियनवाले अडलात की शेवटी आर्च विकीच वाचता, हे मान्य करा.

तिसरा मजला

विकी उत्तम, मीही वाचतो. पण ऑगस्ट २०२२मध्ये ग्रब या बूटलोडरच्या अपडेटनंतर आर्च आणि त्यावर आधारलेली अनेक यंत्रं सुरूच होईनात. दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेल्या मुलाने काय करायचं?

लोकल ७:४२

लाइव्ह यूएसबीने आत जाऊन ग्रब पुन्हा बसवायचा. अपडेटआधी आर्चच्या संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरच्या सूचना वाचायच्या आणि परीक्षेच्या आदल्या रात्री अपडेट करायचा नाही. आत्यांना मी आर्च देणार नाही, एवढं तुमच्या बाजूने.

कृष्णाकाठ

वाचनमात्र ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आत्याच्या लॅपटॉपवर लगेच 'दऱ्या' टंकून पाहिलं. बरोबर उमटलं. लिब्रेऑफिसची भाषा मात्र मी इंग्रजीच ठेवली होती, ती बदलली.

रात्रपाळी, नव्या यंत्राचा मुद्दा मान्य, तो शीर्षकातल्या 'जुन्या' या शब्दात मी गृहीत धरला होता. काकांचा आणि आत्याचा डेबियनच राहील, कारण त्यांच्या यंत्राची जबाबदारी माझी आहे. मेहुणा मात्र नाशिकला असतो, स्वतः खटपट करतो, आणि त्याच्या शेजारी मिंट वापरणारे दोघे आहेत. अडलं तर तो मला नाही, त्यांनाच हाक मारणार. तिसरा मजला, त्याच्यासाठी आज मिंटची यूएसबी केली. रविवारी तो येतोय.