मदत हवी आहे: आत्या स्वतः तक्रार करायला तयार नाही, मग तिच्यासाठी आणि आतेभावासाठी काय करता येईल?

तात्पुरता_आयडी

नमस्कार मंडळी. नेहमीचा आयडी वापरत नाहीये, कारण नात्यातले दोघेतिघे इथे वाचतात. गावाचं नावही लिहीत नाही. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. लांबण लागणार आहे, आधीच माफी मागते.

माझी आत्या ७९ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, २००४ ला निवृत्त झाली. आतोबा जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा बापू, वय ४८, जन्मापासून मतिमंद (आता बौद्धिक दिव्यांग म्हणतात, पण घरात अजून कुणाच्या तोंडी तो शब्द बसलेला नाही). आपलं आपण जेवतो, आंघोळ करतो, अंगण झाडतो. रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचा. कुठली गाडी कितीला लागते, कुठली आज उशिरा आली, सगळं तोंडपाठ. एका कंडक्टरने निवृत्त होताना आपली खाकी टोपी त्याला दिली, ती तो झोपताना फक्त काढतो. नोटा ओळखतो, पण हिशेब जमत नाही.

गेल्या वर्षी आत्या न्हाणीत पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, मी महिनाभर जाऊन राहिले. मग तिच्या दिराचा मुलगा "काकू, मी आहे ना" म्हणत बायकोला घेऊन खालच्या दोन खोल्यांत राहायला आला. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

या दिवाळीत गेले तर पहिल्यांदा लक्षात आलं ते दूध. एक लिटरचा रतीब अर्ध्यावर आलाय. आत्या म्हणाली, "हल्ली मला कोराच बरा लागतो." जिने जन्मभर चहात साय ढवळून घेतली ती बाई हे म्हणतेय. पासबुक कुठे आहे विचारलं तर "त्याच्याकडे. कार्डही त्याच्याकडेच. मला जिना कुठे उतरवतोय?" बापूच्या खोलीला बाहेरून नवी कडी बसवलीय, "पळून जातो म्हणून". अठ्ठेचाळीस वर्षांत बापू कधी पळाला नाही. टोपी कपाटावर, त्याचा हात पोचणार नाही अशी ठेवलेली. मी काढून दिली तर घालायच्या आधी त्याने जिन्याकडे बघितलं.

शिवाय आत्या सहज बोलून गेली की श्रावणात तिला रिक्षाने रजिस्टर कचेरीत नेलं होतं. "पेन्शनचं काहीतरी होतं. फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या." चष्मा घरीच राहिला होता म्हणे.

मी तक्रारीचं नाव काढलं तर हात धरून म्हणाली, "आणि तो निघून गेला म्हणजे? रात्री दोनला मला उठवून बसवायला तू नाशिकहून येणार आहेस?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

तिची बुद्धी शाबूत आहे. शब्दकोडं सोडवते, माझ्या मुलाच्या पगाराची चौकशी करते. मग तिच्या मनाविरुद्ध मी काही करावं का? न करता गप्प बसावं का? आणि तिच्यामागे बापूचं काय?

जुनाभिडू

विचार कसला करता, प्रांताकडे अर्ज ठोका. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७. दरमहा १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता, ९० दिवसांत निकाल, वकिलाचीही गरज नाही. असल्या पुतण्यांना हीच भाषा कळते.

पाटीपेन्सिल

ताई, राग मानू नका, पण महिनाभर राहून तुम्ही परतलात आणि तो वर्षभर तिथे आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय त्याला खलनायक करू नये. माझ्या सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं मी चार वर्षं केलं. लांबचे नातेवाईक दिवाळीला येत आणि दूध मोजून जात.

तात्पुरता_आयडी

@पाटीपेन्सिल, लागलं, पण खोटं नाही. फक्त कडी बाहेरून आहे हो.

वॉर्ड_नंबर_९

सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून उभी नोकरी केली, आता निवृत्त आहे. सावकाश लिहितो.

आधी जुनाभिडू यांच्या सल्ल्याबद्दल. या प्रकरणात निर्वाहभत्त्याचा रस्ता बंद आहे. त्या कायद्यात मुलं सोडून दुसऱ्या नातेवाइकाकडे मागणी करायची तर ज्येष्ठ व्यक्ती अपत्यहीन हवी, आणि तो नातेवाईक तिच्या मालमत्तेचा वारस हवा किंवा मालमत्ता त्याच्या ताब्यात हवी. तुमच्या आत्याला मुलगा आहे. म्हणजे प्रांतसाहेब पहिला प्रश्न बापूबद्दल विचारतील! शिवाय अर्ज तिने स्वतः करायचा असतो, किंवा ते जमत नसेल तर तिने अधिकार दिलेल्या माणसाने. प्रांतांचं न्यायाधिकरण आपणहून दखल घेऊ शकतं, पण त्या भरवशावर बसू नका.

उपयोगी पडलं तर त्याच कायद्याचं कलम २३ पडेल. "सांभाळ करीन" या अटीवर घर-जमीन लिहून घेतली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो, घेणारा मुलगा असो की पुतण्या. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट व्यवहारात असलीच पाहिजे असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात कायद्याचा अर्थ उदारपणे लावून बक्षीसपत्र रद्द केलं आणि घर तिला परत दिलं. पण श्रावणात कशावर सही झाली हे कळल्याशिवाय या चर्चेला अर्थ नाही. दुय्यम निबंधक कार्यालयातून किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून घराचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांचा उतारा) काढा. तो कुणालाही मिळतो.

आता तुमचा खरा प्रश्न. आत्या शुद्धीवर आहे, तिला सगळं कळतं आणि ती नको म्हणतेय. मग तिच्या वतीने तुम्ही तक्रार करायची नाही. वॉर्डात अशा बायका खूप पाहिल्या. दंडावर वळ असायचा आणि "कॉटवरून पडले" म्हणायच्या. नवीन असताना मी एका आजींच्या मुलाला पोलिसांकरवी दम भरवला. पुढच्या वेळी आजी आल्या त्या आणखी वाळलेल्या, आणि माझ्याशी बोलेनात. त्यानंतर मी क्रम बदलला. आधी "तो गेला तर रात्री कोण" याची सोय, मग बाकीचं. तुमच्या आत्याने हिशेब बरोबर मांडलाय, तिच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवलेला नाही कुणी.

म्हणून तिच्याशी एकटीशी बोला, दार लोटून. "तक्रार करू या का" असं विचारू नका. "तुला काय काय परत हवंय" विचारा. पासबुक म्हणाली तर पासबुकापासून सुरुवात. ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. शाखेत लेखी अर्ज द्या, माणूस घरी येईल. जुनं कार्ड बंद, नवीन तिच्या हातात. आणि खात्याला कुणाचा मोबाईल नंबर जोडलाय ते आधी बघा. नव्वद टक्के घोळ तिथे असतो.

रात्रीसाठी पगारी बाई मिळते का शोधा, पेन्शनमध्ये ते बसायला हवं. पुतण्याला लगेच घालवू नका. तो जे करतो त्याचे त्याला महिन्याला अमुक रुपये, वहीत लिहून, आत्याच्या हातून. निम्मे लोक या वहीने सरळ होतात. उरलेले आपणहून जातात.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत क्रमांक आहे, सकाळी ८ ते रात्री ८. त्यांचा माणूस घरी भेटीला येऊ शकतो. "चौकशीला आलोय" न म्हणता आला तर उत्तम.

बापूचं मात्र वेगळं. बाहेरून कडी लावून माणूस कोंडणं हा काळजी घेण्याचा प्रकार नव्हे. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ७: दिव्यांग व्यक्तीचा छळ होतोय असं वाटलं तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे तहसीलदाराला, कळवू शकतं. तिथे आत्याच्या होकाराची अट नाही. पण आधी बापूला विचारा. त्याच्याशी त्याच्याबद्दल बोललेलं कुणी मला तुमच्या लिखाणात दिसलं नाही.

आणि पुढची तीन कामं आत्या हयात असतानाच व्हायला हवीत:

एक, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. जुना कागदी दाखला असेल तर तो घेऊन ऑनलाइन अर्ज, मग जिल्हा रुग्णालय.

दोन, पालकत्व. १८ वर्षांनंतर आईसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालक नेमते. पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पुतण्या उत्साहाने पुढे आला तर हे हिशेबाचं कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवा. याच न्यासाची 'निरामय' योजना आहे, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, वयाची अट नाही.

तीन, कुटुंब निवृत्तिवेतन. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२, नियम ११६. स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते हयातभर मिळू शकतं. तिची पेन्शन जिथून निघते तिथे बापूचं नाव, दाखला, पालकाचं नाव आत्ताच नोंदवा. आई गेल्यावर फेऱ्या मारणारी भावंडं मी पाहिलीत. दोन-दोन वर्षं जातात.

लीड्सवासी

वरच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. इथे २०१४ च्या केअर ॲक्टखाली असा संशय आला की स्थानिक कौन्सिलला चौकशी करावीच लागते, आपल्याकडे तसं कुणाच्या गळ्यात बांधलेलं नाही. पण इथेही २००५ च्या कायद्यात स्पष्ट आहे की माणसाचा निर्णय इतरांना शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. ट्रेनिंगमध्ये हे पाठ होतं. स्वतःच्या आईशी फोनवर बोलताना विसरायला होतं ते वेगळं.

तात्पुरता_आयडी

दहा दिवसांनी लिहितेय. इंडेक्स टू काढला, आत्याच्या घरावर श्रावणातली काहीच नोंद नाही. जीव भांड्यात पडला.

वॉर्ड_नंबर_९

पडू देऊ नका इतक्यात. इंडेक्स टू मध्ये मालमत्तेचे दस्त दिसतात. सर्वसाधारण कुलमुखत्यारपत्र (जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी) नोंदवलं असेल तर ते निबंधकाच्या चौथ्या नोंदवहीत जातं आणि त्याची नक्कल फक्त करून देणाऱ्याला नाहीतर त्याखाली हक्क सांगणाऱ्याला मिळते. म्हणजे तुम्हाला नाही, आत्याला. तिच्या सहीचा अर्ज घेऊन जा. निघालंच तर घाबरू नका, बक्षीसपत्रापेक्षा हे बरं. दिलेला अधिकार ती परत घेऊ शकते. रद्दलेख नोंदवायचा, पुतण्याला आणि बँकेला लेखी कळवायचं. जिना उतरवत नसेल तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतो, तसा अर्ज द्यायचा.

तात्पुरता_आयडी

एक महिन्याने. वॉर्ड_नंबर_९, तुमचं बरोबर निघालं. कुलमुखत्यारपत्रच होतं. बँक, घर, पेन्शन, सगळं त्यात. नक्कल आत्याने चष्मा लावून दोनदा वाचली आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाली, "यात शुद्धलेखनाच्या चुका किती आहेत." मग बराच वेळ काही बोलली नाही. रद्द करायला तयार झाली, पण पुतण्याला आधी स्वतः सांगणार म्हणाली. सांगितलं. मी जिन्यात उभी होते. आरडाओरडा झाला नाही. तो म्हणाला, "काकू, माझ्या कर्जाचे हप्ते थकलेत." मला याचं काय करावं कळलं नाही, अजूनही कळत नाहीये. @पाटीपेन्सिल, तुमची आठवण झाली.

प्रांत, पोलीस, तहसीलदार कुणाकडेही गेलो नाही. आत्याने नको म्हटलं. बँकेचा माणूस येऊन गेला. खात्याला नंबर पुतण्याच्या बायकोचा होता, तो बदलला. शेजारच्या गल्लीतल्या एक बाई रात्री झोपायला येतात. तो अजून खालीच राहतो, वही सुरू झालीय. कडी मी स्क्रूड्रायव्हरने काढली, भोकं तशीच आहेत.

बापूला विचारलं, तुला काय हवंय. म्हणाला, "सव्वानऊची स्वारगेट." म्हणून आता सकाळी स्टँडवर जातो. तिथल्या कँटीनवाल्याला माझा नंबर देऊन ठेवलाय.

आता पालकत्वाच्या अर्जावर अडलंय. माझं आणि आत्याचं बोलणं झालंय, माझं नाव लावायचं. रोज लक्ष कोण देणार हे समिती विचारेलच, त्याची तयारी करतेय. पण अर्जाला बापूचा फोटो लागतो, युडीआयडीलाही. फोटोवाला टोपी काढा म्हणतो आणि बापू काढत नाही. दोनदा दुकानातून उठून आला. कपाटावरच्या प्रकारानंतर टोपीला हात लावायची मला हिंमत होत नाही. टोपीसकट फोटो कुणाचा चाललाय का? की काही युक्ती आहे?