मे महिन्यात मैत्रिणींसोबत नागपूर, आणि सोबत एकही काम न्यायचं नाही. जावं की नाही?

पऱ्हाटी
आम्ही पाच जणी. गाव आर्णी तालुक्यात. गेलं वर्षभर दर महिन्याला प्रत्येकीनं दोनशे रुपये बाजूला टाकले. प्रत्येकीचे २,४०० झाले, पाच जणींचे मिळून १२,०००. पैशांचा डबा माझ्याकडे आहे. मे महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी पहाटेच्या एसटीनं नागपूरला जायचं, एक रात्र राहायचं, रविवारी परत यायचं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात फिरायचं, मेट्रोत बसायचं, तलावावर रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायच्या. दवाखाना नाही, कचेरी नाही, कोणाच्या घरचं लग्न नाही. आमची अट एवढीच.

ही अट का, ते सांगते. मी आतापर्यंत तीनदा नागपूरला गेले. एकदा सासऱ्यांना घेऊन मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात, अकरा दिवस वॉर्डाबाहेर चटईवर झोपले. एकदा नणंदेच्या बाळंतपणाला. एकदा भाच्याची परीक्षा होती तेव्हा, तो आत पेपर लिहीत होता आणि मी गेटसमोरच्या झाडाखाली डबा घेऊन बसले होते. एवढं मोठं शहर, आणि मला त्यातली औषधाची दुकानं आणि रक्तपेढीची खिडकी तेवढी ठाऊक. बाकीच्या चौघींचंही थोड्याफार फरकानं हेच.

घरात आणि गावात मात्र उलटसुलट बोलणं सुरू आहे. म्हणून इथं विचारते. जे वाटतं ते मोकळेपणानं सांगा.

वखर
ताई, राग मानू नका, पन मले हे पटत नाई. मे महिना म्हणजे घरात पैसा लागाचा महिना. बियाणं, डीएपी खत, ट्रॅक्टरचं भाडं, सारं याच महिन्यात उभं रायते. पीककर्ज हातात याले जून उजाडते. बारा हजारात किती बॅगा येतेत ते तुमाले मी सांगाव असं नाई. अन् ऊन पाहा. आमी सकाळी नवाच्या आत वखर सोडतो, बैलं सावलीत बांधतो. माणूस ज्या उन्हात घराबाहेर निंगत नाई त्या उन्हात तुमी पैसे देऊन फिराले जाता? फिराचं असल तं दिवाळी झाल्यावर जा. कोनी अडवनार नाई.

पऱ्हाटी
भाऊ, राग नाही. पण "दिवाळी झाल्यावर" हे जे तुम्ही सहज लिहिलं ना, त्यावरच मला बोलायचं आहे.

दिवाळी झाल्यावर कापूस वेचायला कोण जातं? आम्हीच. दसऱ्यापासून वेचणी लागते ती फेब्रुवारीपर्यंत तीन-चार वेचे होतात. मध्येच तूर सोंगणी. त्यानंतर हरभरा, गहू. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं तिखट, हळद, कुरड्या, शेवया, पापड. जूनमध्ये मृग लागला की सरकी टोबायला आम्हीच. जुलै ते पोळ्यापर्यंत निंदण, आणि पोळा झाला म्हणून निंदण थांबत नाही. वर्षाच्या बारा महिन्यांत बाईच्या हाताला शेतात काम नाही असे दिवस आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, रोहिणी नक्षत्र संपेपर्यंतचे. त्यातही लग्नं. लग्नाच्या तारखा काढून टाकल्या तर आमच्या हाती दोन शनिवार उरतात. ऊन आम्ही निवडलेलं नाही, तेवढीच जागा मोकळी आहे.

पैशांबद्दल: हा पैसा घरखर्चातून काढलेला नाही. निंदणाच्या आणि वेचणीच्या मजुरीतून प्रत्येकीनं स्वतःचा ठेवला. बियाण्याच्या पैशाला कोणी हात लावलेला नाही.

परतवाडा
उन्हाळ्यात जायचंच तर चिखलदरा सोडून नागपूर का? विदर्भातलं एकच थंड हवेचं ठिकाण, उंची १,११८ मीटर. परतवाड्याहून घाट चढायला लागलं की तासाभरात हवा बदलते. भीमकुंड आहे, गाविलगड आहे, कॉफीची झाडं आहेत. संध्याकाळी अंगावर शाल घ्यावीशी वाटते. नागपुरात तुम्ही कुलरसमोर बसून राहाल. मी तर म्हणेन बस अमरावतीकडे वळवा.

पऱ्हाटी
चिखलदरा सुंदर आहे हे मान्य. पण दादा, आमच्या गावात रात्री आठ वाजता सामसूम होते. झाडं, डोंगर, पाखरं, चांदणं आम्हाला रोजचं आहे. आम्हाला गर्दी पाहायची आहे. रात्री दहा वाजता उघडी असलेली दुकानं पाहायची आहेत. एवढ्या दिव्यांखाली आपल्याला कोणी ओळखत नाही, कोणाची सून म्हणून कोणी पाहत नाही, असं दोन तास चालायचं आहे. ते डोंगरावर कसं मिळणार?

कोथरूड ते कारंजा
मी मूळचा कारंज्याचा, नोकरीला पुण्यात. शहरच पाहायचं तर मुंबई पाहा. समुद्र आयुष्यात एकदा तरी पाहायला हवा. नागपूर काय, केव्हाही होईल.

लालपरी
मुंबई दोन दिवसांत कशी होईल भाऊ? नागपूर ते मुंबई रेल्वेनं ८३७ किलोमीटर, जायला एक रात्र, यायला एक रात्र. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बघता बघता भरतं. आर्णीहून नागपूर तुळजापूर-नागपूर महामार्गावर सरळ आहे: यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. एसटीनं चार-साडेचार तास. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे पाच जणींचा प्रवास अडीच तिकिटांत. पहिली सहल अशीच जवळची असावी. समुद्र पुढच्या वर्षी.

सिव्हिल लाइन्स
नागपूरकर म्हणून सावध करतो. २०१३ च्या मे महिन्यात इथं पारा ४७.९ वर गेला होता. एरवीही मे महिन्यात ४३-४४ ही रोजची गोष्ट. दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात. आम्ही इथले लोक त्या वेळात बाहेर पडत नाही, पडलो तर तोंडाला दुपट्टा बांधून. तुम्ही ज्या गजबजलेल्या शहराची कल्पना करताय ते मे महिन्यातल्या दुपारी नसतं. डिसेंबरात या, संत्री असतात, हवा सुरेख असते. मे महिन्यात तर संत्रंसुद्धा मिळायचं नाही. आंबिया बहार डिसेंबरपर्यंत उतरतो, मृग बहार मार्चच्या आसपास संपतो. दोन दिवसांत उष्माघात घेऊन घरी गेलात तर पुन्हा दवाखानाच नशिबी येईल.

महालकर
वरच्या दादांनी दुपारचं लिहिलं ते खरं, पण अर्धंच लिहिलं. उन्हाळ्यात नागपूरची दुपार आणि नागपूरची रात्र ही दोन वेगळी गावं आहेत. माझं माहेर महालातलं. मे महिन्यात सात वाजले की सगळं शहर जणू पुन्हा उठतं. गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकतात, पोरं गोळा खायला निघतात, फुटाळा आणि अंबाझरी या तलावांवर पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात एवढ्या उशिरापर्यंत लोक बाहेर दिसत नाहीत. पऱ्हाटीताईंना जे पाहायचं आहे ते उन्हाळ्यातच जास्त आहे.

दिवस असा लावा. पहाटेच्या एसटीनं या आणि गणेशपेठच्या स्टँडपर्यंत न जाता रहाटे कॉलनीला उतरा. तिथून ऑटोनं दीक्षाभूमी जवळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं धम्मदीक्षा घेतली ती जागा एकदा शांतपणे पाहावी. ऑक्टोबरातल्या गर्दीत ती नीट पाहता येत नाही. मग तर्री पोहे खा. ऊन तापायच्या आत बर्डीला या आणि अजब बंगल्यात शिरा. १८६३ मध्ये सुरू झालेलं संग्रहालय आहे, जाड भिंतींची जुनी इमारत. शनिवारी उघडं असतं, सोमवारी बंद. तिथून झीरो माईलचा खांब आणि तिथले घोडे दुरूनच पाहून घ्या, तिथं उन्हात उभं राहू नका.

बारा ते पाच खोलीवर झोपा. खरंच झोपा. तुमच्यापैकी कोणी दुपारी पाच तास सलग झोपल्याला किती वर्षं झाली?

पाचनंतर मेट्रो. दोन मार्ग आहेत, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. लोकमान्य नगरकडे जाताना वरून अंबाझरी तलाव दिसतो. सूर्य मावळायच्या वेळी तिथून जा. गाडी गार असते, शेवटच्या स्टेशनला जाऊन परत या.

पऱ्हाटी
महालकर ताई, दुपारी झोपायचं ते वाचून आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला दोन लहान लेकरं आहेत. तिनं विचारलं, खोलीचं दार आतून लावून झोपता येईल ना?

महालकर
येईल. म्हणूनच एसीच्या दोन चांगल्या खोल्या घ्या, तिथं पैसे वाचवू नका. पाचही जणींची आधार कार्डं सोबत ठेवा, हॉटेलवाले मागतात. स्टेशनजवळच्या गल्लीत अंधार पडल्यावर खोली शोधत फिरण्यापेक्षा आधी फोनवर ठरवून या.

तूरडाळ
मी मध्यममार्ग सुचवते. नागपूरला जाताच आहात तर एक-दोन कामं सोबत करून घ्या. कोणाच्या सासूचा मोतीबिंदू दाखवायचा असेल, कोणाच्या घरी लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर इतवारीत होईल, गावापेक्षा स्वस्त पडतं. घरच्यांनाही सांगायला बरं. "फिरायला जातो" म्हटलं की चार तोंडं बोलतात, "कामाला जातो" म्हटलं की कोणी बोलत नाही. मी स्वतः वीस वर्षं अशीच बाहेर पडते.

पऱ्हाटी
काकू, तुम्ही मनापासून सांगितलं हे कळतं. आमच्यातल्या दोघींचं मतही सुरुवातीला हेच होतं. पण नीट पाहा काय होईल. सासूबाई सोबत आल्या की एकीनं त्यांच्यासोबत दवाखान्यात बसायचं. बस्ता घेतला की सगळ्यांनी दिवसभर गाठोडी सांभाळायची आणि परत आल्यावर "हे महाग घेतलं" ऐकायचं. संध्याकाळी तलावावर पोचायच्या आधीच आम्ही पुन्हा कोणाच्या तरी कामाच्या होऊन जाऊ.

आणि खोटं का सांगायचं? घरचा माणूस यवतमाळला मित्रांसोबत जेवायला जातो तेव्हा तो बियाणं आणायचं निमित्त काढत नाही. "जाऊन येतो" म्हणतो आणि जातो. मला माझ्या मुलीसमोर तेवढं एक वाक्य सरळ बोलायचं आहे. ती नववीत आहे. ती ऐकते, लक्षात ठेवते.

तूरडाळ
माझ्या वीस वर्षांत हे एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही. तरी सांगते, पहिल्याच वेळी एवढं ताणू नका. घरात कायमची अढी बसली तर पुढच्या वर्षी तुम्हाला निघता यायचं नाही.

वखर
वेचणीचा हिशेब तुमी मांडला तो खरा हाय, त्याले मी नाई म्हणत नाई. माह्या घरीही तेच हाय. पन उन्हाचं मत माझं बदललं नाई. आमच्या गावात मागच्या सालापरलच्या उन्हाळ्यात एक धडधाकट माणूस बांधावर पडला तो उठला नाई. रात्री फिरा, दुपारी झोपा, सारं ठीक, पन येताची एसटी दुपारची धराल तं खिडकीतून झाव येते, ती माणसाले उकडून काढते. पानी, मीठ-साखर, कांदा सोबत ठेवा. अन् पंचवीस तारखेले नवतपा, म्हणजे उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस लागतेत, त्याच्या आत घरी या.

पऱ्हाटी
भाऊ, हे ऐकलं. परतीची बस रविवारी संध्याकाळची धरू, दुपारची नाही. घरी पोचायला मध्यरात्र होईल, फाट्यावर घ्यायला एकीचा दीर येईल म्हणाला. गोरेवाड्याची सफारी आमच्या यादीत होती, ती काढली. पिंजऱ्यातला वाघ असो की मोकळा, त्या उन्हात तोही सावलीत बसलेला असणार.

सिव्हिल लाइन्स
संध्याकाळची बस धरलीत हे बरं केलंत. माझा मुद्दा मी सोडत नाही, डिसेंबर तो डिसेंबर. पण जाणारच असाल तर एक ऐका: शनिवारी रात्री सावजी खाऊ नका. कोष्ट्यांच्या घरातला तो रस्सा, काळी मिरी, सुंठ, खसखस, वर बोटभर तेल. हिवाळ्यात त्याच्यासारखं काही नाही. मे महिन्यात रात्री खाल्लात तर सकाळी पोट सांगेल.

लालपरी
हे मात्र चुकीचं आहे. सावजी न खाता नागपूरहून परतायचं? आमच्या घरी मे महिन्यातल्या लग्नातही होतं. सोबत ताक ठेवा आणि कमी तिखट सांगा, झालं.

परतवाडा
कमी तिखट सांगून सावजी मिळत असेल तर ती सावजी नव्हे.

पऱ्हाटी
दोघी माळकरी आहेत, त्यांचा प्रश्नच नाही. उरलेल्या तिघींनी आत्ताच मतदान केलं: खायचं, पण रविवारी दुपारी नाही, शनिवारीच. पोटाचं आमच्याकडे. वेचणीच्या दिवसांत ठेचा-भाकरीवर राहणाऱ्या बायका आहोत आम्ही.

तर ठरलं असं. शनिवारी पहाटे निघायचं. दीक्षाभूमी, पोहे, अजब बंगला, झोप, मेट्रो, बर्डी, जेवण, फुटाळा. रविवारी सकाळी तेलंखेडीचा मारुती आणि महालात एक चक्कर, दुपारी पुन्हा झोप, संध्याकाळी बस. बारा हजारांतले दोन हजार कोणी आजारी पडलं तर म्हणून वेगळे बांधून ठेवले. ते लागले नाहीत तर तेच पुढच्या वर्षीच्या डब्यात पहिले पडतील.

घरी आज संध्याकाळी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "कोणाचं काय आहे तिकडं?" मी म्हटलं, "कोणाचंच नाही. आम्ही फिरायला जाऊन राहिलो." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, पोळ्या करून नेणार की तिकडंच खाणार. नवऱ्यानं अजून होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मुलगी मात्र नकाशा उघडून बसली आहे.

महालकर ताई, एकच विचारायचं राहिलं. माळकरी दोघींना मडक्यावरची लंबी रोटी करताना पाहायची आहे, हातावर एवढी मोठी पोळी कशी फिरवतात ते. महालात ती संध्याकाळी किती वाजता सुरू होते?

महालकर
दिवेलागणीनंतर चुली पेटतात. त्यासाठी शनिवारी बर्डीवरून साडेसातला निघा, रविवारी तुमची बस चुकेल. आणि रोटी करणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. बाजूला बसून विचारलंत तर त्या शिकवतातही.