सल्ला हवा: फ्री एजन्सीसाठी कॅप स्पेस कशी आखावी? (एनबीए)

सहावा_गडी

मंडळी, ज्यांना कॅपचं गणित जमतं त्यांनी मदत करा. आमच्या जुन्या कॉलेज टीममधले आम्ही काही जण एनबीएची (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) 'जीएम लीग' खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एका संघाचा मॅनेजर व्हायचं. नियम खरे, म्हणजे लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३ च्या करारातले. आकडे २०२५-२६ चे गोठवलेले. संघांची पगारपत्रकं मात्र आम्हीच बनवली आणि चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) १५.४६ कोटी डॉलर, लक्झरी टॅक्सची रेषा (तिच्यावर गेलं की दंड) १८.७९, पहिला एप्रन १९.५९ आणि दुसरा २०.७८ (एप्रनच्या पुढे निर्बंध वाढत जातात).

माझ्या वाट्याला आलेला संघ असा. पुढच्या उन्हाळ्यासाठी सात खेळाडूंचे करार पक्के, मिळून ८.५ कोटी. ड्राफ्टच्या (नवोदित खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीचा एक पिक, त्याचे ४० लाख. एक गार्ड रूकी (नवोदिताच्या पहिल्या) कराराच्या शेवटच्या वर्षात आहे. पगार ६० लाख, पण पोरगा थेट मॅक्सच्या (नियमाने देता येणाऱ्या सर्वाधिक पगाराच्या) लायकीचा. शिवाय ३१ वर्षांचा एक सेंटर, पगार २.२ कोटी, त्याचाही करार संपतोय. आमच्याकडे बरीच वर्षं आहे आणि बचाव सगळा त्याच्यावर उभा आहे.

प्रश्न दोन. गार्डला हंगाम सुरू व्हायच्या आत एक्स्टेन्शन (करार संपायच्या आधीच मुदतवाढ) देऊन मोकळा होऊ की थांबू? आणि सेंटरला सोडून जागा मोकळी करू का? बाजारात या वेळी आठ वर्षं खेळलेला एक फॉरवर्ड आहे. तो मॅक्सच मागणार, म्हणजे पहिल्या वर्षाला ४.६४ कोटी.

शॉटक्लॉक

आधी एक सांगा, तो फॉरवर्ड तुमच्याकडे येणार हे कशावरून? जागा करणं सोपं असतं. न्यूयॉर्क निक्सनी जानेवारी २०१९ मध्ये पोर्झिंगिसला डॅलसला धाडून दोन मॅक्स खेळाडूंची जागा केली. ३० जूनला ड्युरँट आणि कायरी अर्विंग दोघेही नदीपलीकडे ब्रुकलिनला गेले. निक्सकडे उरले पैसे, आणि त्यातून आला जूलियस रँडल.

त्याच निक्सनी २०२२ मध्ये उलट केलं. आधी माणूस ठरवला, जेलन ब्रन्सन. मग त्याच्या मापाची जागा केली. बर्क्स आणि नोएलला सेकंड राउंड पिक्ससकट डेट्रॉइटला दिलं, केम्बा वॉकरचा पगार हलवला आणि चार वर्षांचे १०.४ कोटी मोजले. तो सौदा किती फळला ते सगळ्यांनी पाहिलंय.

हुकशॉट

गार्डचं उत्तर स्पष्ट आहे: थांबा. कारण नीट सांगते, सगळी मेख तिथेच आहे.

करार संपलेला आपला खेळाडू (फ्री एजंट) कॅपमधून लगेच जात नाही. त्याच्या नावाने एक आकडा धरून ठेवला जातो, तो कॅप होल्ड. तुमच्या गार्डचा पगार लीगच्या सरासरीहून कमी आहे आणि तो रूकी करारातून बाहेर पडतोय, म्हणून त्याचा होल्ड ३०० टक्के, म्हणजे १.८ कोटी. आत्ताच मॅक्स एक्स्टेन्शन दिलंत तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या नावाने कॅपच्या २५ टक्के लागतील, ३.८७ कोटी. फरक २.०७ कोटींचा. आणि बर्ड राइट्स (आपल्याच खेळाडूला कॅप ओलांडूनही करार द्यायचा हक्क) तुमच्याकडे असल्यामुळे बाहेरचा माणूस आधी जागेत बसवून गार्डला मागाहून कॅपच्या वर जाऊन तोच मॅक्स देता येतो. त्याचं काही जात नाही.

आता मांडणी. पक्के ८.५, गार्डचा होल्ड १.८, पिक ०.४. शिवाय बारापेक्षा कमी माणसं असतील तर रिकाम्या प्रत्येक जागेला रूकी किमान पगार धरतात, साधारण १२.७ लाख. नवा खेळाडू धरून तुमचे दहा होतात, म्हणजे दोन जागांचे २५ लाख. बेरीज १०.९५. सेंटरचा हक्क सोडला तर जागा ४.५१ कोटी. फॉरवर्डला हवेत ४.६४. तेरा लाख कमी पडताहेत!

सातांपैकी ४० लाखवाला कुणी बाकावरचा असेल तर तो एखाद्या सेकंड राउंड पिकबरोबर दुसऱ्या संघाला द्या. त्याच्या जागी १२.७ लाखांचा रिकामा आकडा येईल आणि जागा ४.७८ वर जाईल. किंवा ड्राफ्टच्या रात्री पिक विकून पुढच्या वर्षाचा घ्या, हिशेब तोच.

हे पुस्तकी नाही. स्पर्सनी २०१४ मध्ये कवाय लेनर्डला एक्स्टेन्शन न देता थांबवलं, २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजला जागेत घेतलं आणि मग कवायला मॅक्स दिला. फिलाडेल्फिया सिक्सर्सनी २०२४ मध्ये टायरीस मॅक्सीच्या बाबतीत हेच केलं. त्याचा पगार ४३ लाख, होल्ड १.३ कोटी, मॅक्स ३.५१ कोटी. मधल्या सव्वादोन कोटींच्या फटीतून पॉल जॉर्ज आत आला.

फिलीकर

मी फिलाडेल्फियाजवळच राहतो, म्हणून त्याच गोष्टीचा पुढचा भाग सांगतो. कागदावर तो उन्हाळा देखणा होता. जॉर्जला चार वर्षांचे २१.२ कोटी, मॅक्सीला पाच वर्षांचे २०.४ कोटी, संघाचा स्टार एम्बीड होताच. इथे जुलैभर लोक फक्त फायनलबद्दल बोलत होते.

२०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हा २४ विजय, ५८ पराभव. एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१. ज्या पिकवर पहिल्या सहात राहिला तरच आपला अशी अट होती, तो तिसरा आला आणि व्हीजे एजकोम्ब मिळाला, एवढंच समाधान.

दुखापती कुणाच्या हातात नसतात, मान्य. पण जॉर्ज सही करताना ३४ वर्षांचा होता आणि शेवटच्या वर्षाचा पर्यायही त्याच्याच हातात दिला. जागा एका उन्हाळ्यात भरते, करार मात्र चार वर्षं घरात राहतो. तेव्हा त्या फॉरवर्डचं वय सांगा, गुडघे कसे आहेत ते सांगा, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुमचे बाकीचे करार कुठे असतील तेही बघा. बाहेरच्याला वर्षाला ५ टक्के वाढ देता येते, आपल्याला ८ टक्के. कॅप दर वर्षी जास्तीत जास्त १० टक्के वाढू शकते, पण तेवढी वाढेलच असं नाही. २०२३-२४ मधून २०२४-२५ मध्ये ती १३.६० वरून १४.०६ वर गेली, म्हणजे साडेतीन टक्केही नाही.

डावखुरी

हुकशॉट, गणित बरोबर आहे, पण "त्याचं काही जात नाही" हे मला पटत नाही. मुलाने वर्षभर कराराशिवाय खेळायचं. गुडघा गेला तर? मॅक्सीला शेवटी पूर्ण पैसे मिळाले म्हणून ती गोष्ट गोड वाटते.

आणि संघालाही धोका आहे. युटाने गॉर्डन हेवर्डला एक्स्टेन्शनशिवाय रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट (बाहेरच्या ऑफरशी बरोबरी करून ज्याला राखता येतं असा) होऊ दिलं. २०१४ मध्ये शार्लटने त्याच्यापुढे चार वर्षांच्या ६.३ कोटींची ऑफर शीट ठेवली आणि चौथं वर्ष खेळाडूच्या मर्जीवर ठेवलं. युटाने ती जशीच्या तशी मान्य केली, करावीच लागली. २०१७ मध्ये हेवर्ड तोच पर्याय वापरून बॉस्टनला गेला. दुसऱ्याने लिहिलेल्या अटींवर आपला सर्वोत्तम खेळाडू राखायचा, ही किंमत जमेत धरा.

थांबायचंच असेल तर गार्डला समोर बसवून का थांबतोय ते सांगा आणि पाच वर्षांचा मॅक्स ठरलेला आहे असा शब्द द्या. बाहेरचा संघ चारच वर्षं देऊ शकतो. शब्द देण्याइतकी खात्री नसेल तर तो मॅक्सचा खेळाडू नाही आणि मग हा सगळा आराखडाच बदलतो.

शॉटक्लॉक

डावखुरींशी सहमत. ब्रन्सनचा जुना संघ डॅलस, त्याला चार वर्षांच्या साडेपाच कोटींच्या आसपास एक्स्टेन्शन देऊ शकत होतं. थांबले आणि हातचा गेला. तो तर अनरिस्ट्रिक्टेड होता, बरोबरी करायचा हक्कही नव्हता.

मधला_पोस्ट

सगळे त्या फॉरवर्डभोवतीच फिरताय. तो नाहीच आला तर? पर्याय आजच लिहून ठेवा, १ जुलैच्या पहाटे साडेतीनला घाईघाईत नको.

कॅप स्पेसने माणसंच विकत घ्यावी लागतात असं नाही. एप्रनच्या नियमांमुळे श्रीमंत संघांना पगार उतरवायची निकड असते, आणि जागा असलेला संघ त्याचं भाडं घेऊ शकतो. २०२५ च्या उन्हाळ्यात मोठी जागा जवळपास फक्त ब्रुकलिनकडे होती. डेन्व्हरने मायकल पोर्टर ज्युनियरचा ३.८ कोटींचा पगार त्यांच्याकडे दिला, कॅम जॉन्सन घेतला आणि वर २०३२ चा फर्स्ट राउंड पिक बिनशर्त दिला. अटलांटाकडून टेरन्स मॅनबरोबर २२ वा पिक आला. त्याच उन्हाळ्यात कमिंगा, गिडी, कॅम थॉमस यांच्यासारखे रिस्ट्रिक्टेड खेळाडू ताटकळत बसले, कारण ऑफर द्यायला कुणाकडे जागाच नव्हती. डावखुरींच्या ऑफर शीटच्या भीतीला यात थोडं उत्तरही आहे: तुमच्या लीगमध्ये किती संघांकडे चार कोटींची जागा असेल ते मोजा.

डेट्रॉइटचा २०२४ चा उन्हाळा मला सगळ्यात आवडतो. डॅलसकडून टिम हार्डवे ज्युनियर घेतला, त्याबरोबर तीन सेकंड राउंड पिक्स. टोबायस हॅरिसला दोनच वर्षांचे ५.२ कोटी. मॅक्स कुणालाच नाही. १४ विजयांवरून थेट ४४! लहान करारांमुळे पुढच्या वर्षीही हात मोकळे राहिले. जागा आहे म्हणून भरायची नसते. २०१६ मध्ये कॅप ७ कोटींवरून ९.४ वर उडाली तेव्हा लेकर्सनी मॉझगॉव्हला ६.४ आणि डेंगला ७.२ कोटी चार-चार वर्षांसाठी दिले. पुढच्याच वर्षी मॉझगॉव्हला हलवायला डीअँजेलो रसेलसारखा पोरगा सोबत द्यावा लागला.

हुकशॉट

सेंटरबद्दल कुणीच बोललं नाही. त्याचा होल्ड १५० टक्के, म्हणजे ३.३ कोटी. तो धरून ठेवला तर बाहेरच्या एका खेळाडूसाठी उरतात १.३४ कोटी, आणि मिड-लेव्हल एक्सेप्शनच (कॅपच्या वर असतानाही बाहेरचा खेळाडू घ्यायची सवलत) १.४१ कोटींचं आहे! म्हणजे सेंटर हवा असेल आणि त्याची किंमत ठरलेली नसेल तर कॅपखाली उतरूच नका. वर राहा, सगळ्यांचे बर्ड राइट्स राखा आणि मिड-लेव्हल वापरा. त्याने पहिल्या एप्रनवर हार्ड कॅप (ओलांडताच न येणारी मर्यादा) लागते, पण तुम्हाला तिथवर पुष्कळ वाव आहे.

मधला मार्गही आहे. २०२४ पासून फायनल संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्याच फ्री एजंटशी बोलता येतं. सेंटर १.६ कोटींना तयार झाला तर होल्डच्या जागी खरा पगार बसतो आणि जागा तीन कोटींची होते. मॅक्स फॉरवर्ड नाही, पण चांगला विंग नक्की.

आणि सेंटरला फुकट जाऊ देण्याची किंमत इंडियानाला विचारा. २०२५ ची फायनल सातव्या सामन्यापर्यंत नेली आणि काही दिवसांत मायल्स टर्नर मिलवॉकीला गेला. मिलवॉकीने त्यासाठी आपल्या लिलार्डला मोकळं करून त्याचा उरलेला करार पाच वर्षांत वाटून घेतला, वर्षाला सुमारे सव्वादोन कोटी, न खेळणाऱ्या माणसासाठी. दोन्ही बाजू मला भयंकर महाग वाटतात.

सहावा_गडी

मनापासून आभार. फॉरवर्ड २९ वर्षांचा आहे, गेल्या दोन हंगामांत मिळून शंभरच्या आसपास सामने खेळलाय. फिलीकर, तुमचं वाचून हाच आकडा आधी शोधला. लीगमध्ये चार कोटींची जागा असलेला माझ्याशिवाय एकच संघ दिसतोय, आणि त्याच्याकडे आधीच दोन गार्ड आहेत.

तर ठरवलंय असं: गार्डला थांबवायचं, पाच वर्षांचा शब्द देऊन. सेंटरशी फायनल संपताच बोलायचं. १.६ च्या आसपास आला तर फॉरवर्डचा नाद सोडून विंग बघायचा. अडून बसला तरच मॅक्सचा रस्ता. त्या रस्त्याने गेलो तर शेवटी संघ कितीवर जाईल?

हुकशॉट

बाकावरचा माणूस गेला धरून पक्के ८.१, गार्ड ३.८७, फॉरवर्ड ४.६४, पिक ०.४. म्हणजे नऊ जणांचे १७ कोटी. रूम एक्सेप्शनचा (कॅपची जागा वापरणाऱ्या संघाला मिळणारी छोटी सवलत) एक, ८८ लाख, आणि किमान पगाराचे चार, प्रत्येकी २३ लाख. चौदा माणसं, १८.८ कोटी. टॅक्सची रेषा १८.७९. हंगाम संपताना असलेल्या पगारावर टॅक्स लागतो, त्यामुळे फेब्रुवारीत एक छोटा पगार उतरवला की सुटलात.

डावखुरी

एकच राहिलं. जून संपायच्या आत गार्डला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या कराराचा औपचारिक प्रस्ताव) द्यायला विसरू नका, नाहीतर तो रिस्ट्रिक्टेड राहणारच नाही. आणि सेंटरचा हक्क सोडल्याचा कागद फॉरवर्डचा होकार हातात पडेपर्यंत पाठवू नका. तो कागद गेला की बर्ड राइट्स गेले.

सहावा_गडी

क्रम लिहून घेतला: क्वालिफाइंग ऑफर, सेंटरशी बोलणी, फॉरवर्डचा होकार, मग हक्क सोडणे, ६ जुलैला फॉरवर्डची सही, शेवटी गार्ड. फिलीकर, फॉरवर्डला चार वर्षांऐवजी तीनच देऊन पाहतो, खेळाडूच्या पर्यायाशिवाय. नाही म्हणाला तर मधला_पोस्ट यांच्यासारखी भाड्याची यादी तयार ठेवतोय. एप्रनला टेकलेले तीन संघ आत्ताच दिसताहेत, त्यांचे नको असलेले करार आणि पिक्स इथेच टाकतो, कोणता घ्यावा ते सांगा.